ढग हा विषय घेता येईल का?

सकाळी गॅसवर दूध, हे मोजा शोधायला पलंगाखाली अर्धे गेलेले आणि माझा एक डोळा दुधावर, एक यांच्या पायांवर. तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्याकडे बेल आहे, चांगली वाजते. तरी बोटाच्या पेराने हळूच दार ठोठावतात त्या एकट्या पडदेवाल्या ताईच.

ताई मागच्या गल्लीत पडदे शिवतात. माप घ्यायला आल्या की टेप काढायच्या आधी खिडकीपुढे नुसत्या उभ्या राहतात. ऊन कुठून येतं, वारा कुठल्या अंगाने शिरतो ते बघतात. आमच्या बैठकीचा पडदा त्यांच्याच हातचा. सकाळच्या वाऱ्याने तो फुगला की क्षणभर वाटतं, अख्खी खोली शीड उभारून कुठेतरी निघाली आहे आणि आपण आपले कपबशा घेऊन आत बसलो आहोत. शिवताना त्यांच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे ओठ मिटून हसायची सवय लागलेली. टाचण्या नसल्या तरी तशाच हसतात.

"ताई, नवीन पडदा नको हं आता," पलंगाखालून आवाज आला. "या घरात आहे तेच सगळं पडद्याआड आहे."

"दादांना बाहेर काढा आधी, वहिनी," ताई म्हणाल्या आणि तीन गुळगुळीत माहितीपुस्तिका माझ्यासमोर ठेवल्या. तिन्ही खासगी हायस्कूलच्या. "भिंगरीला तिन्हीकडे प्रवेश मिळतोय. आज दुपारपर्यंत एका शाळेला कळवायचंय. तुम्ही एकदा नीट वाचून सांगा."

भिंगरी म्हणजे त्यांची भाची. आई गेलेली, बाप असून नसल्यासारखा, म्हणून लहानपणापासून मावशीकडेच. रांगायची तेव्हा एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. आता तीच पोर खिडकीत बसली की तासन्तास हलत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी गॅस बंद केला आणि वाचायला बसले. पहिली शाळा विज्ञानाची. मोठ्या प्रयोगशाळा, जादा गणित, दर शनिवारी चाचणी. दुसरीत दोन परदेशी भाषा, नाटक, वादविवाद. मुखपृष्ठावरची सगळी मुलं एकाच वेळी दात दाखवून हसणारी. तिसरी लहानशी, विषय नेहमीचेच, पण रोज दुपारी एक तास ऐच्छिक विषयाचा.

"हीच," ताईंनी तिसरीवर बोट ठेवलं. "इथे पोरांना पाहिजे ते शिकवतात. हे बघा." आणि त्यांनी सावकाश वाचलं, "ऐच्छिक विषय विद्यार्थ्याने आपल्या इच्छेने निवडावा."

"बरं, मग?"

"मग काय, भिंगरीला विचारलं, तुझी काय इच्छा? ती म्हणाली, ढग."

त्या दिवसापासून त्यांच्या घरात हाच विषय. मशीन चालू असायचं, पांढरं कापड टेबलावरून जमिनीवर उतरत राहायचं आणि त्याच्या दोन टोकांना बसून मावशी-भाची शाळा रचायच्या. परीक्षा कशी घेतील? गच्चीवर उताणं झोपवून. आणि आभाळ मोकळं असलं तर? तर सगळीच नापास, बाईंसकट.

"तुम्ही कुठला विषय घेतलात?" मी विचारलं.

ताई लाजल्या. "वारा. लोक म्हणतात, पडदा कापडाचा शिवतात. निम्मा तर वाऱ्याचाच असतो."

त्या बोलत होत्या तशी मीही त्या गच्चीवर जाऊन पोचले होते. पान उलटायचं जिवावर आलं. पण उलटलं. मागच्या बाजूला चौकटीत छापलं होतं: हिशेब, संगणक, चित्रकला. यांपैकी एक.

मी त्यांना वाचून दाखवलं. ताईंनी पान स्वतःकडे ओढलं, पुन्हा वाचलं, उलटून पाहिलं.

"म्हणजे इच्छा आपली, पण ताटात त्यांनी वाढलेलं."

"तसंच असतं हो ते. चित्रकला घेऊ दे ना. ढगच काढेल."

"तिला काढायचे नाहीत. जातात कुठे ते बघायचंय."

मी पुन्हा पहिल्या शाळेची पुस्तिका उघडली. "इथे भूगोलात हवामानाचा धडा आहे. ढगांचे प्रकार, चित्रांसकट."

"एकच धडा? आणि त्याच्यापुढे?"

"खनिजं."

ताई ओठ मिटून हसल्या, पण ते हसू लगेच मावळलं. "वहिनी, शाळेचं नाव काढलं की त्या पोरीचं पोट दुखायचं. वर्षानुवर्षं. आज माझ्याआधी उठलीय. वेणी घालून, पेन्सिलींना टोकं करून बसलीय. तिला कुठल्या तोंडाने सांगू, ढग नाहीत, हिशेब आहे?"

यांचा मोजा सापडला होता. हे तो हातात घेऊन दारात उभे होते. बाहेर कुठेतरी कुणीतरी गादी झटकत होतं. पडदा फुगला, पुन्हा भिंतीला टेकला. ताईंनी नकळत त्याची चुणी सारखी केली.

"तिसऱ्या शाळेच्या मोठ्या बाईंना जाऊन विचारते," त्या म्हणाल्या. "छापलेत तीन. चौथा विषय विचारायला काय जातंय?"

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर पहिली शाळा. खनिजांच्या अलीकडचा तेवढा एक धडा तरी मिळेल. पण न विचारता मी घरी जायची नाही."

"चला, मी येते बरोबर. काय बोलायचं ते वाटेत ठरवू."

"बोलेन मीच," ताई म्हणाल्या. "तुम्ही फक्त शेजारी बसा. आणि मी ढग म्हटलं की हसू नका."