रिकाम्या गाड्यांची तक्रार

फ्रँकफर्टच्या अलीकडे आमची लोकल दोन स्टेशनांच्या मधेच थांबली. पहाटे पडलेल्या पावसाचा वरच्या तारेवर बर्फ झाला होता आणि गाडीला वीज मिळेना. हीटर बंद, दिवे बंद. मी पुण्याचा, त्यातून इंजिनियर. त्यामुळे रेल्वेच्या नावाने खडे फोडायला लगेच सुरुवात केली.

समोर एक आजोबा बसले होते. कानटोपी भुवयांपर्यंत, मांडीवर थर्मास. त्यांनी खिडकीवरची वाफ बाहीने पुसली आणि वाया गेलेल्या पुतण्याकडे बघावं तसं त्या तारेकडे बघितलं. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला.

"मी आयुष्यभर ह्याच गाड्या चालवल्या," ते म्हणाले. "अशा थंडीत आम्ही रात्रभर रिकाम्या गाड्या फिरवायचो. टपावरचा दांडा तारेला घासत राहिला, की बर्फ धरत नाही."

"मग आता काय धाड भरलीय?" मी तावातावाने विचारलं.

"ह्या भागात यंदा बंद केलं. रुळांशेजारच्या लोकांची झोपमोड होते म्हणे. गेल्या हिवाळ्यात कुणीतरी चार पानी तक्रार केली. डेसिबल मोजून, आलेख काढून!" ते मिशीत हसले. "तर काय, तोही आज कुठेतरी कुडकुडत बसला असेल."

मी मान खाली घालून चहाचा घोट घेतला. आलेख तीन होते. तिन्ही मीच काढलेले, आणि तेही रंगीत.