बंद दारांपुढची रांगोळी

मी करडीची. धानाच्या बांधीत वाढलेली. नदीकाठचं मोठं गाव आहे, पालिका आहे, रस्त्यावर दिवे आहेत, असं सांगून माझ्या बापानं मला इथे दिली. दिव्यांचे खांब होते, खोटं कशाला बोलू. पण त्यांत बल्ब घालायलाही पालिकेकडे पैसा उरला नव्हता. आणीबाणी उठली त्याच्या आसपासची ही गोष्ट. वरातीतून उतरले तेव्हा गल्लीत इतका अंधार होता की मला वाटलं, गावात कुणीतरी मेलं असावं.

आमची गल्ली विणकरांची. काठाची लुगडी विणायची आणि आठवड्याच्या बाजारात विकायची, हेच पिढ्यानपिढ्या चाललेलं. मग यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं आणि हातमाग एकेक करत थांबले. धडधाकट माणसं बायकापोरं घेऊन भिवंडीकडे निघून गेली. बाजार आटला, बाहेरचे व्यापारी मोठ्या सडकेवरच्या दुसऱ्या गावात जाऊ लागले. बाजाराच्या पट्टीवर पालिका चालायची, तीही बसली. आमच्या गल्लीत माणसांपेक्षा कुलपं जास्त झाली. राहिलेल्या बायका विड्या वळायच्या आणि माझ्या सासूला वाटायचं की देवानं सुनेला हात दिले ते तेवढ्यासाठीच.

आमच्या भिंतीला लागून एक घर होतं. त्या घरची सून माझ्या वयाची. तिचा नवरा माझ्या नवऱ्याहून लहान, म्हणून मी त्याची वहिनी आणि तो माझा भाऊजी. थट्टा करायचा हक्क आपोआप मिळालेला. तिच्यावर माझा फार जीव होता. सासरी आल्यावर पहिलं वर्ष मी तिच्यामुळे काढलं, नाहीतर केव्हाच करडीला पळाले असते. ती हाकेला ओ द्यायची तीही सरळ नाही. लांबवत, वर चढवत, गाण्यासारखी. मी तिच्या त्या ओची हुबेहूब नक्कल करायची आणि ती लटकंच चिडायची. रांगोळीतही तिची एक खोड होती. दाराच्या बाजूची एक रेघ ती नेहमी मोडकी ठेवायची.

"लक्ष्मी आत कसी येईन वो मंग? कुंपनावरून उडी मारून?" असं मला विचारायची.

एका उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचा माग पुरता थांबला आणि तीही दोघं भिवंडीला निघाली. जाताना तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

"घर आंधारं ठेवू नोको," ती म्हणाली. "मी येतोच परत. इकडचा बाजार भरू दे फक्त."

मी रडले नाही, रागावले. बाजार भरणं काय माझ्या हातात होतं? पण त्या दिवसापासून बाजार हे माझं दुखणं झालं. लोकांना धंदा हवा होता, पालिकेला पट्टी हवी होती, आणि मला ती हवी होती.

त्या वर्षी पोळा झाल्यावर मारुतीच्या पारावर लोक जमले. सरकारकडे अर्ज करून करून सगळे कंटाळले होते. एक किराणा दुकानदार उभा राहिला आणि म्हणाला, "आपनच बाजार भरवू. कोनाची वाट पाहून राहिलो आपन?" हसण्यावारी जाईल असं वाटलं, पण गेलं नाही. विहाराकडच्या वस्तीत गवंडी होते. त्यांनी बाजारातले फुटलेले ओटे बांधून द्यायचं कबूल केलं, चुना-विटा मात्र गावानं द्याव्यात म्हणाले. नदीत मासे धरणाऱ्या ढीवरांनी पलीकडच्या काठचे लोक बाजाराच्या दिवशी डोंग्यातून फुकट आणायचं ठरवलं. आसगावकडच्या भाजीवाल्यांसाठी कुणी बैलगाड्या देऊ केल्या. एरवी एकमेकांच्या विहिरीवर न जाणारी माणसं त्या महिन्यात एका घमेल्याला दोन बाजूंनी हात लावताना मी पाहिली आहेत. पुढे ती परत आपापल्या विहिरींवर गेली, तेही पाहिलं.

आमच्या गल्लीचं काम बायकांनीच शोधलं. घाटावर उतरलेला व्यापारी आमच्याच गल्लीतून बाजारात जायचा. दोन्ही बाजूंना कुलपं बघून तो काय माल घेणार आणि काय उधारीवर देणार? म्हणून ठरलं की बाजाराच्या दिवशी पहाटे बंद घरांची कुलपं काढायची, नुसत्या कड्या घालायच्या. प्रत्येक दारात सडा, रांगोळी. दिवेलागणीला प्रत्येक घराच्या भिंतीतल्या देवळीत दिवा. गल्ली नांदती दिसली पाहिजे. घरं वाटून घेतली, तेव्हा तिचं घर मी भांडून माझ्याकडे ठेवलं.

माझ्या सासूला हे अजिबात पसंत नव्हतं.

"रिकाम्या घराच्या दारात सडा टाकून कोनाले बलावून राहिल्या वो तुमी?" ती म्हणाली. "जे येईन ते मानूसच असन, असं का हाय?"

आम्ही हसलो. पण पहिल्या बाजाराच्या संध्याकाळी दिवे लागले आणि हसू कुठल्या कुठे गेलं. सगळी दारं उजळलेली, दारापुढे रांगोळ्या, आणि आत भांड्याचा आवाज नाही, पोराचं रडणं नाही, मागाचा खटका नाही. गल्ली जेवायला बसल्यासारखी दिसत होती आणि जेवणारं कुणी नव्हतं. आम्हीच लावलेल्या दिव्यांची आम्हाला भीती वाटली. बायका एकमेकींच्या पदराला धरून परतल्या.

तिच्या घरात मात्र मी थांबायची. मागाच्या खड्ड्यात भाऊजींच्या जुन्या चपला तशाच पडलेल्या. आडवं सूत फेकायच्या धोट्यावर जळमटं. देवळीत तिची फणी, फणीत तिचे केस. मी दिवा लावायची आणि मोठ्यानं बोलत बसायची. आज कुंभार आले बरं का. आज बुरड आले, सुपांचा ढीग होता. आज तुझ्या आवडीचे शिंगाडे आले. घर ऐकतं अशी माझी खात्री झाली होती. एकदोनदा तर पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटून मी वळले. घाबरून नव्हे, आशेनं वळले.

आणि बाजार खरोखर भरू लागला. आधी भाजी, मग मडकी, मग धान्य, आणि हिवाळ्यात नागपूरचा एक कापडवाला घाटावरून छत्री टेकत आमच्या गल्लीत शिरला. त्यानं ओट्यावर बसून लुगडी पाहिली, काठ बोटावर घासून पाहिला आणि गठ्ठा बांधायला सांगितला. माझ्या नवऱ्याचा माग पुन्हा सुरू झाला, तेव्हा सासूनं मागाला गूळ दाखवला आणि नंतर तोच गूळ माझ्या तोंडात कोंबला. एवढी प्रेमळ ती त्याआधी आणि त्यानंतर कधी झाली नाही. खांबांवर दोनचार बल्ब लागले. गल्लीत पुन्हा पाजणी सुरू झाली, सूत ताणून खळ लावायची तर रस्ता अडायचा, आणि रस्ता अडला म्हणून कुणी ओरडलं की आम्हाला आनंद व्हायचा. मी त्या दिवसांत फार सुखात होते. आता ती येईल, कुठल्याही बाजाराला येईल, हे मला दिसतच होतं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, मी तिच्या घरात देवळीपुढे वात सारत होते. दार नुसतं लोटलेलं. बाहेर पावलं वाजली, थांबली. मग हाक आली.

"आईकते का वो?"

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. आवाज भाऊजींचा होता, मी लगेच ओळखला. दिवेलागणीला न दिसणाऱ्या माणसाच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये म्हणतात. मला त्याची आठवणही झाली नाही. आली! एवढंच डोक्यात आलं. ती त्याच्या मागे उभी असेल, डोक्यावर गाठोडं असेल. हसू दाबत मी तिच्यासारखी ओ दिली. लांबवत, वर चढवत.

बाहेर काहीतरी धपकन पडलं.

मी दिवा घेऊन दाराशी गेले. भाऊजी रांगोळीच्या पलीकडे उभे होते, पेटी हातातून सुटून पडलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नाही, आणि मला पाहायचंही नाही. आधी तो चेहरा इतका आनंदला होता. मग दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला असावा.

मी त्यांच्या मागे पाहत होते. मागे गल्ली होती, नुसती.

"कुठी हाय ते?" मी विचारलं. "मागं राहिली का?"

ते तिथेच खाली बसले. रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून पाय आखडून बसले. मग म्हणाले, "वयनी, ते दिवाळीच्या आंधीच गेली. तापानं. मीच अग्नी देल्ला."

दिवाळीच्या आधी. म्हणजे तिच्या सुतकातल्या बाजारांनाही मी तिच्या दारात रांगोळी घालत होते, एक रेघ मोडून.

त्यांनी कुणाला कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर खरं झालं असतं, असं काहीसं ते म्हणाले. मला कुणी दोष दिला नाही आणि मीही घेत नाही. ती सोबत असती तर त्या घडीला ती ओच योग्य होती, आम्ही तिघं पोट धरून हसलो असतो. पण ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावरची मंडळी नारळ घेऊन आली. त्यांना एवढंच कळलं होतं की भिवंडीला गेलेल्यांपैकी पहिला माणूस परतला, गल्लीतलं पहिलं कुलूप खऱ्या अर्थानं उघडलं. ओसरीवर येऊन खरं काय ते कळल्यावर नारळ कुठे ठेवावा हेही त्यांना सुचेना. तरी सगळ्यांनी भाऊजींना थांबवायचा जिवापाड प्रयत्न केला. दुकानदारानं सूत देऊ केलं. माझ्या नवऱ्यानं त्यांचा माग झाडून दिला. ते मागावर बसायचे, एकदोन धोटे टाकायचे आणि थांबून घराकडे कान द्यायचे.

एका सकाळी त्यांनी किल्ली पुन्हा माझ्या हातात दिली.

"वयनी, मले सगळं मालूम होतं," ते म्हणाले. "पन रांगोई पाह्यली अन् मले इसर पडला. मंग ओ आली." पेटी उचलून म्हणाले, "आता दिवा नोका लावू."

ते गेले आणि परत आले नाहीत. पुढच्या बाजाराला मी त्यांच्या दारात सडा टाकला नाही. दुकानदार स्वतः समजवायला आला. "एकच दार सुनं दिसते," म्हणाला, "व्यापाऱ्याच्या नजरेत येईन, एवढी मेहनत मातीत जाईन." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधून दारातच उभी राहिले.

नागपूरचा कापडवाला आला. त्या दाराशी थांबला.

"आज या घराले का झालं?"

"घरची बाई वारली," मी म्हणाले. "अन् घर रिकामं हाय. पहिलेपासून रिकामंच होतं." बोलून गेले तशी दुकानदाराची कपाळाला हात मारलेली मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे आली. बाजार बुडाला तर बुडू दे, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं.

कापडवाल्यानं छत्री बगलेत धरली. त्याला काहीच नवल वाटलं नाही.

"बाकीचे बी रिकामेच हायेत ना?" तो म्हणाला. "आमी का आंधळे हावो बाई? सांजच्याले दिवे दिसते सगळ्या घरात, पन छपराच्या कवेलूतून धूर निंगत नाही. सगळ्याच व्यापाऱ्यायले मालूम हाय ते."

"मंग येऊन कायले राहिले तुमी?"

"लुगडे चांगले हायेत म्हनून," तो म्हणाला आणि बाजाराकडे निघून गेला.

त्या दिवशीही बाजार भरला. त्यानंतरही भरत राहिला, अजून भरतो. मी बंद दाराशी उभी होते आणि मला कळत होतं की आम्ही एवढी पहाट-संध्याकाळ करून जे मांडलं होतं, त्याला कुणीच फसलं नव्हतं. फक्त तो एकटा फसला, ज्यानं तिला स्वतःच्या हातानं अग्नी दिला होता.