कोपऱ्यातला कुजका खांब

आत्याने भाच्याच्या कॅम्परमध्ये, त्या राहायच्या-झोपायच्या गाडीत, आतल्या कोपऱ्यात अंगठा दाबला. प्लायवूड भिजलेल्या पावासारखं आत गेलं आणि तिथेच बसून राहिलं. तिने अंगठा पुसला नाही. भाच्याच्या नाकासमोर धरला.

"वास घे."

"थोडी ओल आहे गं. वरून नवी शीट चिकटवली की झालं. सुट्टी लागलीये, आज निघायचंय आम्हाला."

बसगाड्यांच्या बॉडी बांधण्याच्या कारखान्यात सुतारकाम करण्यात आत्याचं आयुष्य गेलं होतं. हा जुना कॅम्पर घेताना भाच्याने तिला विचारलं नव्हतं. भिंत फुगल्यावर आत्या आठवली. ते नेहमीचंच. तिचा जीव अडकला होता वेगळ्याच गोष्टीत. वरची बर्थ याच कोपऱ्यातल्या खांबावर टेकली होती, आणि त्या बर्थवर भाच्याची लेक झोपणार होती.

तिने पटाशी उचलली.

"अगं, फोडू नकोस!"

"फोडतंय कोण? हे आपणहून हातात येतंय."

प्लायवूड सालीसारखं सोलून निघालं. आतला खांब काळा पडला होता. पटाशी लोण्यात शिरावी तशी मुठीपर्यंत शिरली. आत्याने वर पाहिलं. छपराचा सांधा उघडा होता, पाणी तिथून येत होतं. पण खांब वरच्यापेक्षा खाली जास्त कुजला होता. ती बाहेर आली, गुडघे टेकून वाकली. पत्र्याच्या खालच्या कडेला, पाणी निथळून जायला भोकं ठेवलेली असतात तिथे, सिलिकॉनची जाड पांढरी रेघ ओढलेली होती.

"हे कुणाचं काम?"

"माझंच," भाचा ऐटीत म्हणाला. "नळ्यांवर नळ्या रिकाम्या केल्या. थेंबभर पाणी आत येणार नाही."

"बाहेरही जाणार नाही! वरचा सांधा उघडा, आणि खाली तू बूच मारून बसलास. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! उंटावरच्या शहाण्या, आत आलेलं पाणी जाणार कुठून?"

"छपराचं आधी कळलं असतं तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं."

गाडीच्या दारात उभी असलेली भाचेसून फिस्सकन हसली. भाचा चिडला.

"राहू दे. मीच शीट लावतो. सुट्टीपुरतं टिकेल."

तेव्हा मात्र आत्या कडाडली.

"कारखान्यातही हेच सांगायचे. कुजक्या लाकडावर पत्रा ठोका, वर झकास रंग मारा, गाडी दारातून गेली की आपला संबंध संपला! त्यांना निदान आत कोण बसणार ते माहीत नव्हतं. तुला माहीत आहे!"

ती परत आत गेली आणि तिने बर्थला खालून नुसता तळहात लावला. खांबातले स्क्रू लाकडाच्या भुग्यासकट निघून फरशीवर पडले.

भाचेसून आता हसत नव्हती. तिने बर्थवरची लेकीची गादी खाली ओढली, उशी काखेत मारली आणि घराकडे चालायला लागली.

"अगं, पण सुट्टी?" भाचा मागून ओरडला.

"गेली चुलीत," ती वळूनही न बघता म्हणाली.

आत्याने त्याच्या हातात लाकडी पाचर दिली. सुरी दिली असती तर त्याने पत्राही कापला असता. तो उकिडवा बसला आणि सिलिकॉन खरवडू लागला. पहिलं भोक मोकळं होताच तपकिरी, आंबूस पाण्याची धार त्याच्या बुटांवर आली. थांबेचना.

"बघत काय बसलास?" आत्या म्हणाली. "पुढचं उघड."