नानांची मोजणी बरोबर होती

मंगळवारी दुपारी दादाचा फोन आला. नाना सकाळी गेले. मी ऑफिसमधून घरी आले, बॅग भरली आणि स्किपोल विमानतळावर गेले.

त्या दिवसापर्यंत मी धरून चालले होते की हे नानांना कधीतरी सांगेन. पुढच्या सुट्टीत, कराडला, समोर बसून. ते राहिलं. दुसऱ्या कुणालाही मी हे सांगितलेलं नाही. मी इकडे परदेशात, विमानतळाजवळच्या हूफडॉर्पला एकटी राहते, त्यामुळे लपवायलाही फार कष्ट पडले नाहीत. आता तुम्हाला सांगते आहे आणि तेही सरळ जमत नाही. पहिल्यांदा लिहायला बसले तर पत्त्यांवरचं व्याख्यान झालं. फाडलं. दुसऱ्यांदा आईच्या आजारपणापासून सुरुवात केली, त्यात मी बिचारी दिसायला लागले. तेही फाडलं. एका वाक्याची गोष्ट आहे — मग ते वाक्य का येत नाही?

नाना, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणाकडे गेलंय, कधी परत यायचंय, हे त्यांना नोंदवही न उघडता सांगता यायचं. आणि रोज संध्याकाळी ते मेंढीकोट खेळायचे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी — दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या, आणि दश्श्या जिंकायच्या. त्यात सगळी गंमत पडलेली पानं लक्षात ठेवण्यात. नानांना ती लक्षात राहत. "चौकटची दश्शी अजून आत आहे," असं ते म्हणाले की ती आत असायची. त्यांचे भिडू बापूकाका म्हणायचे, "नाना समोर असला की मला डोकं घेऊन यायची गरजच नाही."

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते तीन महिने माझ्याकडे आले. चार वर्षं झाली त्याला. दिवसभर ते खिडकीत बसत, विमानं बघत. पुस्तक हातात असे, पान उलटत नसे. मी कामावरून आले की विचारत, "आलीस का वैशू?" आणि संपलं. जेवायचं, झोपायचं.

मी संख्याशास्त्र शिकले. इकडे ग्रोनिंगनच्या विद्यापीठात होते तेव्हा ब्लॅकजॅकवर, म्हणजे कॅसिनोतल्या पत्त्यांच्या एका खेळावर, बरंच वाचलं होतं. खेळले फारशी नव्हते, पण वाचलं होतं — हा फरक लक्षात ठेवा, मी ठेवला नाही. खेळ सोपा आहे. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीस ओलांडायचं नाही. सामना फक्त पानं वाटणाऱ्या डीलरशी. आणि पुस्तकांत मोजणीची एक पद्धत असते. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की एक मिळवायचा. दश्शीपासून एक्क्यापर्यंतचं पडलं की एक वजा. मधली सोडून द्यायची. बेरीज चढली म्हणजे मोठी पानं अजून आत आहेत. तेव्हा बाजी वाढवायची, एरवी अगदी लहान ठेवायची.

एका शनिवारी सकाळी मी हे त्यांना सहज सांगितलं. ते खिडकीतून उठून टेबलाशी आले.

"अगं, मग हे मेंढीकोटच की. फक्त भिडू नाही."

"भिडू मी," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी पत्त्यांचे सहा कॅट आणले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी वाटायची, ते मोजायचे. कधी थांबायचं, कधी पान मागायचं, याचा तक्ता त्यांनी दोन संध्याकाळींत पाठ केला. मी मध्येच थांबून विचारायची, "आत्ता किती?" एकदाही चुकले नाहीत. एकदाही नाही. मी म्हणायची, "ओठ हलवू नका नाना, कॅसिनोत बघत असतात." ते म्हणायचे, "बघू देत. म्हातारा जप करतोय म्हणतील."

आणि मी त्यांना मन कसं ठेवायचं ते शिकवलं. हेच तर माझं आवडतं प्रकरण! ठरवलेली रक्कमच खिशात न्यायची. हरलेलं भरून काढायला बाजी वाढवायची नाही. दोन तास झाले की उठायचं, जिंकत असलो तरी. आणि सगळ्यात मुख्य — निकालावरून निर्णयाची परीक्षा करायची नाही. बरोबर खेळूनही माणूस हरतो. हरलो म्हणजे चुकलो असं नसतं. हे मी त्यांना तीन-तीनदा समजावलं. ते विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. आयुष्यभर ज्यांनी मला प्रत्येक गोष्ट सांगितली, ते माझं ऐकत होते. मला ते किती आवडलं, हे लिहायला आत्ताही संकोच वाटतो.

मग आम्ही शनिवारी दुपारी बसने जायला लागलो. समुद्राकडच्या गावात एक कॅसिनो होता. नाना इस्त्रीचा शर्ट घालायचे. दारात पासपोर्ट दाखवताना ताठ उभे राहायचे. टेबलावरची डीलर एक उंच बाई होती, तिच्याशी ते खुशाल मराठीत बोलायचे — "घ्या बाई, सत्ता तुमचीच आहे." ती हसायची.

पहिले दोन शनिवार आम्ही थोडं जिंकलो. नशिबाने. मी कराडला फोन करून दादाला सांगितलं, "डोकं नानांचं, पद्धत माझी." दादा म्हणाला, "मग इथलं दुकान बंद करून मीही येऊ का?" तिसऱ्या शनिवारी हरलो, चौथ्याही. रक्कम लहान होती, तिचं काही नाही.

चौथ्या शनिवारी मी पहिल्यांदा त्या बाईच्या हाताकडे नीट पाहिलं. डाव संपला की ती वापरलेली पानं गोळा करत होती आणि ज्या काळ्या पेटीतून पानं येत होती त्याच पेटीत मागून परत घालत होती. पेटी आतल्या आत पिसत होती. सतत. म्हणजे पडलेलं पान पडलेलं राहतच नव्हतं. आत्ता गेलेला राजा पुढच्या डावात पुन्हा येऊ शकत होता. मी ज्या जुन्या पुस्तकांतून शिकले त्यांत वापरलेली पानं बाजूला ठेवत, म्हणून मोजणीला अर्थ होता. इथे काहीच अर्थ नव्हता. रविवारी सकाळी मी कागदावर मांडूनही पाहिलं, गरज नव्हती तरी. नानांनी अचूक मोजलं काय, चुकीचं मोजलं काय, किंवा विमानं मोजली काय — निकालाला फरक पडत नव्हता.

मी कागद मांडत होते तेव्हा नाना चहा घेऊन आले. समोर बसले आणि म्हणाले, "वैशू, माझं काय चुकतंय?"

इथे ते वाक्य बोलायचं होतं. "नाना, तिथे मोजून उपयोग नाही, माझ्या लक्षातच आलं नाही." बस. हसले असते ते. म्हणाले असते, "म्हणजे इतके दिवस खरंच जपच करत होतो!"

मी म्हणाले, "मध्ये कुठेतरी मोजणी सुटत असेल तुमची. लक्ष राहत नसेल."

हे मी केलं.

का? चार वर्षं स्वतःला विचारते आहे आणि दर वेळी उत्तर इतकं क्षुद्र निघतं की चीड येते. दादाला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं म्हणून? संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीला एवढी साधी गोष्ट दिसली नाही, हे बापापुढे कबूल करायचं नव्हतं म्हणून? काही मोठं कारण असतं तर निदान लिहायला बरं वाटलं असतं. नाही. आणि निकालावरून निर्णयाची परीक्षा करू नका हे शिकवणारी मी — मी त्यांची परीक्षा नेमकी तशीच केली.

बरं, तेही एकदाच झालं असतं तर! आम्ही आणखी पाच शनिवार गेलो. ते म्हणाले, "या वेळी नीट लक्ष देतो." मला नाही म्हणता आलं असतं. पण का नाही, ते सांगावं लागलं असतं. ते डोळे बारीक करून एकेक पान बघत बसायचे, डीलरशी बोलणं बंद झालं. तिने एकदा मला इंग्रजीत विचारलं, "तुमचे वडील बरे आहेत ना?" मी हो म्हटलं. परतताना बसमध्ये ते विचारायचे, "शेवटच्या डावात बेरीज चार होती की पाच?" मीही मोजलेली असायची. पाच असायची, आणि त्यांच्या मनातही पाचच असायची. मी म्हणायची, "मला नाही आठवत, नाना."

घरी ते स्वतःला तपासायला लागले. जेवताना वाचनालयाच्या जुन्या सभासदांची नावं म्हणून बघायचे. एकदा फिरून येताना शेजारच्या ओळीतल्या घराला त्यांनी किल्ली लावली. आमच्या वस्तीत सगळी घरं एका साच्यातली आहेत. मी स्वतः पहिल्या वर्षी दोनदा तसंच केलं होतं. ते दारात येऊन म्हणाले, "बघ. सुरू झालंय." मी त्यांना जवळच्या डॉक्टरकडे नेलं. तिने घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मी तिच्या शेजारी बसून मराठीत सांगत होते. सगळं बिनचूक. शब्द तर त्यांनी उलट क्रमानेही म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाली, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "तिला काय कळणार. खरं टेबलावर कळतं."

तेव्हा तरी सांगायचं होतं. बसचा थांबा समोर होता, बस यायला वेळ होता, आम्ही दोघंच होतो. याहून सोपी जागा कुठली असते?

ते कराडला परतले आणि खेळायला जायचे थांबले. दोन महिन्यांनी बापूकाकांचा फोन आला. "वैशूताई, काय केलंत तिकडे आमच्या भिडूचं? बोलवायला गेलो तर म्हणतो, माझ्यामुळे तू हरशील, दुसरा बघ." मी म्हणाले, "वय होतंय काका त्यांचं." ते म्हणाले, "वय माझंही होतंय. मी खेळतोच ना?"

पुढची वर्षं मला फोनवरच कळत गेली. नाना सगळं लिहून ठेवायला लागले — गॅस बंद केला, गोळी घेतली, दूधवाला येऊन गेला. एकटे बाहेर पडेनात. माझ्याशी बोलताना दोन वाक्यं झाली की फोन दादाकडे द्यायचे, "तेच तेच बोलत असेन मी," म्हणून. एकदाही तेच बोलले नाहीत. मी दोनदा जाऊन आले तिकडे. दोन्ही वेळा, सांगेन म्हणून गेले आणि न सांगता आले.

ते हृदयविकाराने गेले. विस्मरणाचा काही संबंध नव्हता, कधीच नव्हता. तेराव्याला बापूकाका आमच्या ओसरीवर बसून सांगत होते, "गेल्या महिन्यात भेटलो, तर पठ्ठ्याने कधीकाळचा एक डाव पानापानाने सांगितला. कुणी काय टाकलं, मी कुठे माती खाल्ली, सगळं. म्हटलं, अरे मग ये की खेळायला. तर म्हणतो, जुनं राहतं रे, नवं राहत नाही." सगळे हळहळले. एक मामी म्हणाल्या, "या आजारात असंच असतं." मी सगळ्यांना चहा देत होते. ट्रे हातात होता. मी तो घेऊन आत गेले.

दादाचं कराडला कपड्यांचं दुकान आहे. तो एक्कावन्न वर्षांचा आहे. गेल्या रविवारी त्याचा फोन आला. दुकानाची किल्ली दोनदा घरी विसरला, एका गिऱ्हाइकाचं नाव आठवेना. म्हणाला, "वैशू, नानांचं माझ्याकडे येतंय बहुतेक. तपासून घेऊ का?" आवाज हसरा होता, पण तो घाबरला आहे. वहिनी म्हणतात, तोही आता लिहून ठेवायला लागला आहे.

मी म्हणाले, "घे तपासून."

नाना नाहीत. आज शनिवार आहे. तुम्हाला सांगून झालं. दादाला अजून सांगितलेलं नाही.