किसनमामाने मागितलेलं पत्रक

फोन आला तेव्हा मी वाशीमला एका मोर्चाचं पत्रक छापून घेत होते. आई एवढंच म्हणाली, "किसनमामा गेला वं..." गठ्ठा तिथेच ठेवून मी रिसोडची एसटी धरली. वाटभर रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात होती. मामा माझ्याकडे वर्षभर एक पत्रक मागत होता, आणि मी ते लिहिलं नव्हतं.

किसनमामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. तालुकाभर हापशा, म्हणजे हातपंप, दुरुस्त करत फिरायचा. मोटारसायकलला मागे पान्यांची पिशवी आणि हातांना कायम ग्रीसचा वास. आफ्रिकेतल्या खेड्यांत बोअर करून हापशा बसवणाऱ्या एका संस्थेला असा माणूस हवा होता. हापशी इथल्यासारखीच असते म्हणे, मग मिस्त्री तरी वेगळा कशाला? मामा मलावीला निघाला. चळवळीतल्या बाबांमुळे आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, त्यामुळे मी तेव्हाही भाषणाच्याच आवाजात बोलायचे. "आपल्या बाया कोसभर पाणी वाहतात आणि तू परदेशात चाललास?"

"काहून, तिकडच्या बायांच्या डोक्यावर काय कापूस असते का?" मामा म्हणाला, आणि बॅगेची चेन लावू लागला.

तिथे त्याच्या हातून जे झालं, ते त्याने परतल्यावर बऱ्याच दिवसांनी सांगितलं. आपल्याकडे हापशीचे पाने मिस्त्रीजवळ राहतात. गावाने सरकारी वस्तूला हात लावायचा नाही, बिघडली की मिस्त्रीची वाट बघायची. मामाने हीच सवय मलावीला नेली. पहिली हापशी बसवली, पाणी आलं, बाया नाचल्या, संस्थेने फोटो काढले, मामा पाने पिशवीत भरून पुढच्या गावाला गेला. काही महिन्यांत आतला वायसर झिजला आणि हापशी कोरडी पडली. बाया पुन्हा नदीकाठच्या डबक्यावर गेल्या. मुलं हगवणीने आजारी पडली, एक दगावलं. त्या मुलाची आई, एनेस, दोन दिवस पायी चालत मामाला शोधत आली. ती ओरडली नाही. मामाची पिशवी तिने जमिनीवर उपडी केली, त्यातले पाने उचलून आपल्या फडक्यात बांधले आणि त्या गाठोड्यावर बसून राहिली.

"वायसर दोन बोटांचा, पोरी," मामा म्हणाला होता. "अन् मी पाने घेऊन हिंडून राह्यलो होतो."

त्यानंतर गावातल्या दोन बायांना सगळं उघडता-जोडता आल्याशिवाय आणि पाने त्यांच्या हाती दिल्याशिवाय मामाने कुठलंही गाव सोडलं नाही. हापशांवर लागणाऱ्या दानशूरांच्या नावाच्या पाट्यांविरुद्ध मी खूप लिहिलं आहे, अजूनही लिहीन. आधी लुटायचं, मग विहीर देऊन फोटो काढायचा, याची चीड मला येतेच. पण एनेसच्या गाठोड्याबद्दल मी कधी एक ओळ लिहिली नाही.

परतल्यावर मामाने आपल्या गावात तेच सुरू केलं. गावात नळ आले आहेत, पण पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. बाकी दिवस हापशीचाच आधार. सरपंच म्हणाले, "बायांनी हापशी खोलली अन् मोडली, तं जिम्मेदार कोन?" तरीही तिघी शिकायला आल्या. त्यांतली सुमनकाकू सगळ्यात पुढे. मामाला हृदयाचा त्रास सुरू झाला होता. तो मला म्हणाला, "तू लिहितं ना? मंग ह्यायच्यासाठी लिही. हापशी खोलतानी पह्यले काय, मंग काय. मी काही जल्मभर पुरत नाही."

मी लिहायला बसले. पाणी हा हक्क आहे, तिथून सुरुवात केली आणि दोन पानं भरली. मामाने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"चांगलं हाये. पन हे वाचून हापशी सुधरते का?"

मला राग आला. पुन्हा लिहिते म्हणाले. मग मोर्चे आले, निवडणुका आल्या... नट-बोल्टांत मला लढा दिसत नव्हता, हे खरं कारण. दर खेपेला मामा विचारायचा. शेवटी शेवटी विचारणंही त्याने सोडलं.

तो गेला, आणि तेरवीनंतरच्या आठवड्यात हापशी बंद पडली. तिघींनी ती उघडली. पाइप वर ओढताना खालच्या पाइपाला आधी पकड लावावी लागते, ती राहिली. पाइप सुटला आणि सगळा बोअरमध्ये गेला. सरपंच म्हणाले, "मी काय सांगत होतो?" आता तिघींच्या घरचेही तेच म्हणतात. बाया शेतातल्या विहिरीवरून पाणी आणतात. बोअर मोकळा होईल की नाही, कुणी सांगत नाही. मी पंचायत समितीत दोन अर्ज दिले आहेत. थकवा येतो...

परवा मामाच्या घरी गेले. ओसरीत त्याने लाकडी घोडीवर एक भंगारातली हापशी बसवली होती, शिकवण्यासाठी. तिचं हँडल बायांच्या हातांनी गुळगुळीत झालं आहे. सुमनकाकू तिच्याजवळ बसली होती. मला वाटलं, शिव्या देईल. तिने बसायला पोतं सरकवलं.

"कागद हाये का? मंग लिही. पह्यले पकड लावाची, मंगच पाइप ढिला कराचा."

मी लिहिलं.

"आमच्या हातून सुटला, तेही लिही. अन् मोठ्या अक्षरात लिही वं, मले बारीक दिसत नाही."