रेडिएटरचं तांबडं पाणी

काल गॅरेजात मेकॅनिकनं कूलंट काढलं आणि त्या गोडसर वासानं मी लहानपणीच्या, सुरतेतल्या भेस्तानच्या घरी पोचले. प्लेगच्या भीतीनं गल्ली रिकामी झाली होती. धुळ्याला पळायचं म्हणून बाबा जुन्या गाडीचा रेडिएटर धूत होते. नळीतून येणारं गंजाचं तांबडं पाणी काही संपेना.

"अहो, निघू या ना," आई म्हणाली.

"आणि कोंडाईबारीच्या घाटात इंजिन तापलं तर?"

तेवढ्यात आई खोकली. बाबांचा हात थांबला. मी तिच्याकडे धावले, तशी ती ओरडली, "लांब राहा!" मला वाटलं, ती रागावली.

बाबांनी घाईघाईनं नवं कूलंट ओतलं आणि आईला सरकारी दवाखान्यात नेलं. साधा ताप निघाला. आठवड्यानं ती परतली. तरी मला जवळ घ्यायला तिनं आणखी चार दिवस लावले.