सव्वीस इमारतींच्या पाठी

नोंदवहीतली माहिती अशी. पद: शैक्षणिक साहित्य निर्मिती सहायक (लाकूडकाम), वर्ग चार, तात्पुरते. वय: एकोणसाठ. ओळखीची खूण: डाव्या हाताची तर्जनी अर्ध्या पेराने आखूड. कर्तव्ये: अंध विद्यार्थिनींना जगाचे यथार्थ ज्ञान व्हावे यासाठी स्पर्शयोग्य प्रतिकृती तयार करणे, तसेच खुर्च्या दुरुस्त करणे. तात्पुरतेपणाचा कालावधी: एकवीस वर्षे.

शाळेत त्यांना सगळे सुतारकाका म्हणत. ते लागले होते खुर्च्यांसाठीच. पहिल्याच वर्षी तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी त्यांच्या हातात जुनं कॅलेंडर ठेवलं. बारा महिने, बारा शहरं, प्रत्येकाची एक नामांकित इमारत. "हे मुलींना हाताला लागेल असं करून द्या," असं सांगून बाई निवृत्त झाल्या. काकांनी खोक्यांच्या फळ्या जमवल्या आणि जानेवारीपासून सुरुवात केली. पुढे आणखी कॅलेंडरं आली, बिस्किटांच्या डब्यांची झाकणं आली, आणि सव्वीस इमारती झाल्या. प्रत्येकीच्या पायाशी पितळी टाचण्या ठोकून ब्रेलमध्ये शहराचं नाव.

अडचण एकच होती. कॅलेंडरवाल्यांनी कुठल्याही इमारतीची पाठ छापली नव्हती. डोळस माणसाला त्याचं काही वाटत नाही. तो पुढून बघतो, वा म्हणतो आणि पान उलटतो. मुलींची बोटं मात्र पुढून फिरून सरळ मागे जातात. पहिलीच इमारत हातात घेतलेल्या मुलीने विचारलं होतं, "काका, इथं काहीच नाही?" तिथं सपाट फळी होती. काकांना चोरी पकडल्यासारखं झालं. त्या दिवशी त्यांनी त्या फळीत एक छोटं दार कोरलं, दाराला कडी बसवली. मुलगी खूश झाली.

मग त्यांनी सगळ्यांनाच मागचं दार दिलं. लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्याला दिलं. पिसाच्या झुकत्या मनोऱ्याला दिलं, जो गोल आहे आणि ज्याची मागची बाजू म्हणजे चित्रात न आलेली बाजू. आयफेल टॉवर तेवढा सुटला, कारण तो आरपार होता. डोळस माणसांपैकी कुणाच्या हे लक्षात आलं नाही. इमारती कपाटात ओळीने, तोंड पुढे करून उभ्या असत.

नोकरीच्या एकविसाव्या वर्षी दहावीच्या वर्गात एक मुलगी होती, तिला काका तपासनीस म्हणत. दुरुस्त करून दिलेली खुर्ची ती उलटी करून चारही पाय चाचपायची आणि मगच बसायची. शहरातल्या सगळ्या शाळांची तोंडी स्पर्धा होती, विषय जगातली महानगरं. पहिल्या दोघांना मोठ्या कॉलेजात दोन वर्षं शिक्षण आणि वसतिगृह. नाहीतर तपासनीस परीक्षेनंतर घरी जाणार होती. घरच्यांनी तिच्यासाठी काहीच ठरवून ठेवलं नव्हतं, आणि तिला भीती होती ती त्याचीच.

स्पर्धा शनिवारी. सोमवारी भूगोलाच्या बाई काकांच्या खिडकीबाहेरच्या ओट्यावर तिची तयारी घेत होत्या.

"बर्लिन?"

"ब्रँडेनबर्ग गेट. पुढं सहा खांब, वर चार घोड्यांचा रथ, मागं फळी आणि फळीत कडीचं दार."

"मागं काय?"

"फळी."

बाई हसल्या. "अगं, कमान आहे ती. फळी मारली तर माणसं जाणार कुठून?"

"दारातून. कडी आहे ना."

"पुस्तकात असं कुठं लिहिलंय?"

"पुस्तक लिहिणाऱ्यानं हात लावला होता का? मी लावलाय."

आत रंधा अर्ध्या फळीवर थांबला. बाईंनी थट्टा समजून पुढचं शहर घेतलं. पण काकांना कळून चुकलं होतं: ही पोरगी शनिवारी पाचशे माणसांसमोर छातीठोकपणे सांगणार, की बर्लिनचं गेट मागून बंद आहे. आणि तिला खोटं पाडायचं तर ते पुस्तकाला जमणार नव्हतं, बाईंनाही नाही.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, ताट निवतंय. लक्ष कुठंय?"

"बर्लिनला."

"मग तिथंच जेवून यायचं होतं." सगळं ऐकून घेतल्यावर तिने कपाळावर हात मारला. "दारं मागितली होती कुणी?"

"आजवर जिथं जिथं कामाला गेलो, तिथं मागच्या दारानंच गेलो. सुताराला पुढून कोण घेतं? म्हटलं, एवढी मोठी घरं, मागं दार असणारच."

"लंडनला कधी गेला होता कामाला?"

काकांनी गार भाकरी मोडली. "उद्या सांगून मोकळे व्हा," ती म्हणाली, आणि आमटी परत गरम करायला घेऊन गेली.

सांगणं सोपं नव्हतं. गप्प राहिलं तर पोरगी स्पर्धेत तोंडावर पडणार. सांगितलं तर सव्वीसच्या सव्वीस इमारतींवरचा तिचा विश्वास उडणार, तोही चार दिवस आधी. मंगळवारी मधल्या सुट्टीत तिला बोलावून त्यांनी एका दमात सांगून टाकलं. दारं माझी आहेत, चित्रात नव्हती, मनानं केली.

तिच्या हातात लंडन होतं. ती दाराची कडी लावत होती, काढत होती.

"सगळी?"

"आयफेल सोडून."

"आणि पुढची बाजू तरी खरी आहे ना, काका?"

एकवीस वर्षांत कुणी त्यांना इतकं लागेल असं बोललं नव्हतं. "पुढची खरी आहे," ते म्हणाले. "आईशप्पथ."

"मग कपाट रिकामं करा. आजपासून बसू."

भूगोलाच्या बाईंनी कपाळाला आठ्या घालत वाचनालयातून फोटोंचे तीन जाडजूड ग्रंथ आणले आणि वाचून दाखवायला बसल्या. बर्लिनची फळी एका फटक्यात निघाली; मागेही सहा खांब निघाले, ते काकांनी बुधवारी केले. लंडनच्या मनोऱ्याला घड्याळ चारही बाजूंना आहे हे ऐकून काका म्हणाले, "एवढी घड्याळं कशाला? गावाला वेळ एकच ना?" पण केली. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीला त्यांनी कवायतीतल्यासारखं दोन्ही पाय जुळवून उभं केलं होतं. ग्रंथात निघालं की तिच्या उजव्या पायाची टाच उचललेली आहे.

"म्हणजे बाई चालत्येय," तपासनीस म्हणाली.

"चालत्येय."

"आणि तुम्ही तिला एकवीस वर्षं थांबवून ठेवलीत."

गुरुवारपर्यंत ती टोमणे मारायला लागली होती, तेव्हा काकांच्या जिवात जीव आला. प्रत्येक दुरुस्ती ती हाताने तपासून पास किंवा नापास करायची. पिसा दोनदा नापास झाला.

नऊ इमारतींची पाठ कुठल्याच ग्रंथात सापडली नाही. बाई म्हणाल्या, राहू द्या तशीच. तपासनीस म्हणाली, तशीच नाही. मग काकांनी त्या नऊ दारांच्या कड्या उपटल्या, भोकं बुजवली, फळी कानशीने साफ केली आणि तिच्यावर टाचण्यांनी दोन शब्द ठोकले: माहीत नाही.

शनिवारी स्पर्धेत एक फेरी चित्रं ओळखण्याची निघाली. पडद्यावर दहा इमारती आल्या आणि गेल्या. बाईंनी उठून हरकत घेतली. संयोजकांनी आपापसात चर्चा करून नियम सर्वांना समान आहेत असं जाहीर केलं. तपासनीसला त्या फेरीत दहापैकी शून्य मिळालं. बाकीच्या फेऱ्यांत तिने दोनच उत्तरं चुकवली. लंडनचा प्रश्न आला होता, बर्लिनचा नाही. ती दुसरी आली.

जूनमध्ये ती सामान घेऊन काकांच्या खोलीत आली. पाया पडायला वाकली तर त्यांनी मधेच धरलं, कारण खाली खिळे सांडले होते.

"आता एक काम राहिलं," ती म्हणाली. "आधीच्या मुलींना कळवायचं."

काका महिनाभर तेच करत होते. कार्यालयातल्या जुन्या वह्यांतून त्यांनी एकोणसाठ पत्ते काढले होते आणि पत्रं ब्रेलमध्ये टोचायला घेतली होती. मजकूर सगळ्यांना एकच होता. उत्तरं सात आली. एकीने लिहिलं होतं की तिने मुलाला बर्लिनचं गेट कडीसकट शिकवलं आहे आणि आता ती ते बदलणार नाही.

तपासनीसच्या यशाची दखल वरपर्यंत घेतली गेली. ऑगस्टमध्ये खात्याची तीनजणांची समिती आली, मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेऊन गेली, आणि पंधरा दिवसांनी शिक्का मारलेलं पत्र आलं: "संस्थेतील सव्वीस प्रतिकृतींची सर्व बाजूंनी प्रत्यक्ष तपासणी करण्यात आली असून त्या पूर्णतः अचूक आढळल्या आहेत."

समिती आली त्या दिवशी सुतारकाका रजेवर होते, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती.